एकतीस लाद्यांचं उत्तर

“तुला धड लिहिता येत नाही, तर तू हुशार कशी गं?”

हा प्रश्न माझा नव्हता, माझ्या दोन मैत्रिणींचा होता. मधल्या सुट्टीत पैज लागली. नववीतल्या त्या मुलीला हे तोंडावर जाऊन विचारायचं, नाहीतर आठवडाभर दोघींची दप्तरं तिसऱ्या मजल्यापर्यंत मी वाहायची. गेल्या वर्षीची मी असते तर गुपचूप दप्तरं उचलली असती. सातवीपर्यंत मी इतकी घुमी होते की हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा आवाज घशातच राहायचा. वर्गात बसलेली असताना दोनदा माझी गैरहजेरी लागली होती, आणि मी तेही सांगितलं नव्हतं. आठवीत एकदा बाईंनी मोठ्याने वाचायला उभं केलं. आवाज अचानक खणखणीत निघाला, मलाच दचकायला झालं. तेव्हापासून मी सुटलेच. आई म्हणायची, “हिचा नळ कुणीतरी सोडून ठेवलाय आणि तोटी घेऊन पळून गेलंय.”

तर मी गेले आणि विचारलं.

ती नळाशी वाकून ओंजळीने पाणी पीत होती. शाळेत तिला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती सदानकदा स्वतःशी पुटपुटत असायची. मोठमोठे गुणाकार तोंडी करायची. एकदा ऐकलेला धडा स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायची. पण वही उघडली की संपलं. शाईत पाय बुडवलेल्या मुंग्या कागदावरून चालत गेल्यासारखं तिचं अक्षर. फळ्यावरचं एक वाक्य उतरवायला तिला अर्धा तास लागायचा, आणि उतरवलेलं तिचं तिलाही वाचता यायचं नाही.

तिने तोंडही पुसलं नाही. म्हणाली, “तुला पोहता येत नाही, तर तू ओली कशी?”

“मी कुठे ओली...” एवढंच मी म्हणाले, तोवर अख्खी ओंजळ माझ्या तोंडावर!

मागून मैत्रिणींचा हशा आला आणि त्याच्याही मागून जिन्याखालच्या बाई आल्या. आमच्या शाळेत अभ्यासात वेगळ्या पद्धतीची मदत लागणाऱ्या मुलांसाठी एक खोली आहे, जिन्याच्या अगदी खाली. उंच माणसाला तिथे मान वाकवूनच उभं राहावं लागतं. ती खोली ज्या सांभाळतात त्या जिन्याखालच्या बाई. मला वाटलं, आता आपली धडगत नाही.

“प्रश्न विचारायला धाडस लागतं,” बाई म्हणाल्या. “आगाऊ प्रश्न विचारायला जरा जास्तच. अक्षर कसं आहे तुझं?”

“छान आहे,” मी म्हटलं. केसांतून पाणी गळत होतं, तरीही.

“मग उद्यापासून शाळा सुटल्यावर माझ्याकडे ये. हिला लेखनिक हवीय.”

रेडिओ माझ्याकडे पाहून म्हणाली, “ही? हिला आधी वाळत घाला.”

*

लेखनिक म्हणजे काय ते त्या खोलीत कळलं. परीक्षेत मी प्रश्न वाचून दाखवायचा, रेडिओताईने उत्तर बोलायचं आणि मी लिहायचं. मी तिच्यापेक्षा खालच्या इयत्तेत होते हे मुद्दामच होतं, म्हणजे मला उत्तर येत असल्याचा संशय नको.

हे सगळं एका परीक्षेसाठी होतं. आमच्याकडे नववीतून वीस मुलं निवड परीक्षेला बसवतात आणि त्यांतल्या पाचांचा गणित गट होतो. त्या गटाला गणिताचे सर स्वतः शिकवतात. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून, कोड्यांसारखी गणितं घालून. रेडिओताईचं नाव त्या विसात यावं म्हणून बाई वर्षभर मुख्याध्यापकांच्या दाराशी उभ्या होत्या. शेवटी मुख्याध्यापकांनी हो म्हटलं, पण अट घातली. गटात आली तर लेखनिक कायमची मिळेल, सगळ्या विषयांना. नाही आली तर ती पुढच्या वर्षी परत मागच्या इमारतीत जाईल.

मागच्या इमारतीत संथ वर्ग भरतात. तिथे नववीची मुलंसुद्धा पाढे गिरवतात.

“मी तिथे दोन वर्षं काढलीयत,” रेडिओताईने मला सांगितलं. “एकच बेरीज रोज. मी पहिल्या मिनिटाला उत्तर सांगायचे, तर म्हणायचे, लिहून दाखव. मी कागद फाडायचे. मग त्यांनी माझ्या आईला बोलावून सांगितलं, हिला राग आवरत नाही.”

“मग गं?”

“मग काय? आवरत नव्हताच.”

बाईंचे नियम दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेले होते. ती बोलेल ते आणि तेवढंच लिहायचं. आपल्या मनाने एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. कळलं नाही तर ‘पुन्हा सांग’ एवढंच म्हणायचं, दुसरा प्रश्न नाही. आणि प्रत्येक उत्तर लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं, कारण लिहिलेलं काय, छापलेलं काय, तिला वाचताच येत नाही, मग स्वतः तपासणार कशी?

पहिल्याच दिवशी मी बोलणी खाल्ली. रेडिओताई म्हणाली, “हे त्रिकोण सारखाच आहे,” आणि मी लिहिलं, “हा त्रिकोण सारखाच आहे.”

“ती काय म्हणाली?” बाईंनी विचारलं.

“‘हे’ म्हणाली, पण ते चुकीचं...”

“तुला दुरुस्तीला ठेवलंय का?”

मी खोडून ‘हे’ केलं. माझा जीव कसानुसा झाला. मला नीटनेटकं आवडतं, समास सरळ लागतो, तारखेखाली दुहेरी रेघ लागते. पण हळूहळू मजा यायला लागली. ती डोळे मिटून बोलायची आणि बोटांनी हवेत आकृत्या फिरवायची. मी तिच्या तोंडातून निघालेलं कागदावर पकडायचे. तीन आठवड्यांत इतकं जमलं की ती वाक्य संपवायच्या आत माझं पेन पूर्णविरामापाशी असायचं. ती मला ‘ओली’ म्हणायची, मी तिला रेडिओताई. बाई एकदा म्हणाल्या, “जोडी छान जमलीय.” मी घरी जाऊन ते चार वेळा सांगितलं.

बाबा गाडी चालवायला शिकवतात. ते म्हणाले, “माझंच काम आहे की हे. शेजारी बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. सगळ्यात अवघड तेच.”

मी म्हटलं, “मला नाही बाई अवघड जात.”

*

परीक्षा ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत झाली. दाराशी ग्रंथपाल काका लक्ष ठेवायला बसले होते. त्यांच्यासमोर पुस्तकांना लावायच्या चिठ्ठ्यांचा ढीग होता आणि ते त्या कापत होते.

नऊ प्रश्न. आठ सुरळीत गेले. रेडिओताई सुसाट होती, माझं बोट दुखायला लागलं होतं. घड्याळात शेवटची चार मिनिटं उरली, तेव्हा मी तिला नववा प्रश्न वाचून दाखवला: एका खोलीच्या जमिनीवर आठ बाय आठ असे चौसष्ट चौकोन आहेत. समोरासमोरच्या दोन तिरप्या कोपऱ्यांत एकेका चौकोनावर खांब आहे. उरलेल्या जमिनीवर, प्रत्येकी दोन चौकोन झाकणाऱ्या एकतीस लाद्या न कापता बरोबर बसतील का? कारण द्या.

वाचता वाचताच माझ्या मनात गणित होऊन गेलं. चौसष्ट वजा दोन बासष्ट, भागिले दोन एकतीस. बसतील! काय सोपं! शेवटचा प्रश्न बिचाऱ्या सरांनी दया म्हणून घातला असेल.

रेडिओताईने डोळे मिटले. बोटं हवेत एकदा उभी, एकदा आडवी फिरली. मग ती भराभर बोलली, “जमीन रंगव. काळी, पांढरी, काळी, पांढरी. खांब दोन्ही काळ्यावर. लादी एकाला एक खाते. पांढरे उरले. म्हणून नाही. बसणार नाहीत. संपलं.”

माझं पेन थांबलं. कसला रंग? प्रश्नात रंगाचं नावसुद्धा नव्हतं.

“पुन्हा सांग,” मी म्हटलं.

तिने तेच सांगितलं, आणखी भराभर. “लिही ना. वेळ चाललाय.”

मला वाटलं, दमली. दोन तास सलग बोलतेय, डोकं भरकटलं असेल तिचं. आठ प्रश्न असले सुंदर सोडवले आणि नवव्याला, सगळ्यात सोप्याला, ही काळी-पांढरी रंगत बसलीय. एवढ्यासाठी मागच्या इमारतीत जाणार? माझ्या हातात पेन होतं. तिला वाचता येत नव्हतं. काका चिठ्ठ्या कापत होते.

मी लिहिलं: ६४ − २ = ६२. ६२ ÷ २ = ३१. होय, लाद्या बरोबर बसतील.

खाली दुहेरी रेघ मारली.

“वाच,” ती म्हणाली.

हे लिहिताना आत्ताही कान तापतात माझे. मी कागदावर नजर ठेवली आणि खणखणीत आवाजात वाचलं, “जमीन रंगवली. काळी, पांढरी. दोन्ही खांब काळ्यावर. एक लादी एक काळा, एक पांढरा खाते. पांढरे उरतात. म्हणून बसणार नाहीत.” अडखळलेसुद्धा नाही. ज्या आवाजाचा मला एवढा अभिमान होता, त्याच आवाजात.

ती खुर्चीत मागे रेलली आणि हसली. “ओली, झालं आपलं काम.”

मीही हसले. देवाशप्पथ सांगते, मला वाटत होतं मी तिला वाचवलंय. घरी जाताना मी उड्या मारत गेले.

*

पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर मला मंचावर बोलावलं. शाळेने पहिल्यांदाच लेखनिक देऊन परीक्षा घेतली होती, म्हणून मुख्याध्यापक दहा मिनिटं बोलले. ‘सर्वांची शाळा’ असं दोनदा म्हणाले. मला एक प्रमाणपत्र मिळालं, ‘सहकार्याचा हात’ असं लिहिलेलं. टाळ्या पडल्या. रेडिओताईला मंचावर बोलावलं नाही. ती नववीच्या रांगेत उभी राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत जोरात.

बाबांनी त्या प्रमाणपत्राला चौकट करून आणली आणि त्यांच्या कचेरीत, वाहतुकीच्या खुणांच्या तक्त्याशेजारी लावली. गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी माझी गोष्ट ऐकावी लागायची, मग क्लच. आई दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते. ती म्हणाली, “मी सांगायला लागले की लोकांना पळताही येत नाही, गाल धरून बसलेले असतात बिचारे.” मावशीला फोन झाला. मावशी म्हणाली, “आपल्याकडे कुणावर गेली गं ही?”

बुधवारी आमच्या वर्गावर भूगोलाच्या बाई आल्या नव्हत्या. त्यांच्याऐवजी गणिताचे सर आले. निवड परीक्षेचे पेपर नुकतेच तपासून झाले होते आणि ते कातावलेले होते.

“एक गंमत दाखवतो,” म्हणत त्यांनी फळ्यावर आठ बाय आठ चौकोन काढले. “हा एक प्रश्न मला हवा होता. बाकीचे आठ घोकून येतात. याला विचारच लागतो. वीस जणांपैकी एकोणीस जणांनी काय केलं असेल? बासष्ट भागिले दोन. विसाव्याने कोरा सोडला, तो निदान प्रामाणिक म्हणायचा.”

वर्ग हसला. मी हसले नाही.

मग सरांनी खडू आडवा धरला आणि एक चौकोन सोडून एक चौकोन भरत गेले. “रंगवायची जमीन. काळी, पांढरी. आता बघा, तिरप्या कोपऱ्यातले दोन्ही खांब एकाच रंगावर येतात. म्हणजे एका रंगाचे तीस उरले, दुसऱ्याचे बत्तीस. लादी कशीही ठेवा, तिच्याखाली प्रत्येक रंगाचा एकेक चौकोन जाणार. मग बत्तीसांतले शेवटचे दोन कुणाबरोबर जाणार? बसणारच नाहीत! रंग प्रश्नात नसतो, तो आपण आणायचा असतो. हे ज्याला सुचेल त्याला मी डोळे झाकून गटात घेतला असता.”

माझ्या शेजारची कोपराने ढोसत म्हणाली, “काय गं, पांढरी का पडलीस? तुझा पण रंग आणलास का?”

मी बाकाची कड धरून बसले होते. एकीला सुचलं होतं, सर. चार मिनिटांत, डोळे मिटून. हे ओरडून सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मनात पुढचं सगळं आलं. चौकट, मावशी, टाळ्या. आणि सातवीतल्यासारखा आवाज घशातच राहिला.

*

गुरुवारी निकाल लागला. रेडिओताई सहावी आली. पाचव्या नंबरापेक्षा तीन गुण कमी. नवव्या प्रश्नाला चार गुण होते.

शाळा सुटल्यावर तिने मला जिन्याखाली बोलावलं. बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या होत्या, पुन्हा एकदा विनंती करायला. टेबलावर तिचा पेपर होता, म्हणजे माझ्या अक्षरातला तिचा पेपर.

“शेवटी सरांनी काय लिहिलंय, वाच.”

लाल शाईत होतं, ‘पाठांतर उत्तम. स्वतंत्र विचार दिसत नाही.’ मी वाचलं.

तिने त्या लाल शाईवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “नववा वाच.”

“कशाला आता...”

“वाच गं. त्याला शून्य आहे म्हणाल्या बाई. मला कळत नाहीये कुठे चुकलं ते.”

आता हे नीट सांगते, कारण पहिलं खोटं मी न कळून, चांगुलपणात बोलले असं म्हणायला मला तरी वाव आहे. याला नाही. मला सगळं ठाऊक होतं. माझ्या हातात कागद होता, समोर ती होती, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी वाचलं, “चौसष्ट वजा दोन बासष्ट. बासष्ट भागिले दोन एकतीस. होय, लाद्या बरोबर बसतील.”

“असं मी म्हणाले?”

मी पेपरच्या कडा जुळवत बसले.

“ओली, मी असं म्हणाले का?”

“हो... वाटतं,” मी म्हणाले. “शेवटची चार मिनिटं होती ना. घाई झाली असेल.”

तिने डोळे मिटले. बोटं हवेत उभी फिरली, आडवी फिरली आणि मधेच थांबली. “मला तर आठवतंय मी रंगवलं होतं. मला दिसतंय अजून. तू वाचूनही दाखवलंस.” मग तिने हात मांडीवर ठेवले. “म्हणजे डोक्यात एक आणि तोंडातून भलतंच येतं माझ्या. आणि ऐकू पण भलतंच येतं. हाताचं माहीत होतं मला. तोंडाचं नव्हतं माहीत.”

एक शिवी द्यायची ना मला! नळाचं पाणी फेकायचं! तिने उठून माझ्या डोक्यावर हात फिरवला. “तू कशाला रडतेस वेडे? तू तर नीट लिहिलंस.”

शुक्रवारी ती शाळेत पुटपुटत नव्हती. मी लक्ष ठेवून होते. नळाशी गप्प, जिन्यात गप्प. नववीच्या वर्गात तोंडी गणितांचा तास होता. मी मुद्दाम पाणी प्यायच्या निमित्ताने दारावरून गेले. वर्गावरच्या बाईंनी तिला विचारलं आणि तिने मान हलवली. येत नाही म्हणाली. दोन अंकी गुणाकार होता.

माझ्या त्या दोघी मैत्रिणी म्हणाल्या, “रेडिओचे सेल संपले वाटतं.” मी त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडले की अख्खा मजला वळून बघायला लागला. त्या म्हणाल्या, “अगं, तुला काय झालं? पैज तूच घेतली होतीस ना?”

शाळा सुटताना जिन्याखालच्या बाई फाटकाशी भेटल्या. त्यांचे डोळे सुजले होते. म्हणाल्या, “उद्या सकाळी दहाला तिचे आई-वडील येतायत, मागच्या इमारतीच्या कागदावर सही करायला. मी अजून थांबा म्हणत होते, पण तीच ऐकत नाही. तीच म्हणते, मला तिकडेच जाऊ द्या.” मग माझ्या खांद्यावर थोपटलं. “तू तुझं काम चोख केलंस हं. मनाला लावून घेऊ नकोस.”

घरापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही.

*

संध्याकाळी साडेसहाला बाबा टेबलाशी बसून माझ्यासाठी भाषण लिहीत होते. पुढच्या आठवड्यात पालकसभेत मला दोन मिनिटं बोलायचं होतं, ‘सर्वांची शाळा’ या विषयावर. आई भाजी निवडत होती.

“हे ऐक,” बाबा म्हणाले, “‘मित्रहो, माझी मैत्रीण बोलत होती आणि माझा हात तिचा हात झाला होता.’ कसं वाटतं?”

“जरा जास्तच होतंय,” आई म्हणाली. “आणि मित्रहो काय? पालक असतील ते. का गं, आज तुझं तोंड बंद कसं? दात दुखतोय?”

“बाबा, थांबवा ते.”

“अगं, शेवट चांगला झालाय, ऐक तर...”

“मी तिचं उत्तर बदललं,” मी म्हणाले.

बाबांचं पेन तसंच राहिलं. मी सगळं सांगितलं. काळी-पांढरी जमीन, दुहेरी रेघ, खोटं वाचन, सरांचा फळा आणि गुरुवारचं ते ‘हो, वाटतं’. मधे रडले नाही. एरवी मी एवढं सांगताना दहा वेळा उड्या मारते, हात नाचवते. त्या वेळी नुसती उभी होते.

आई म्हणाली, “पण तू मुद्दाम नाही ना केलंस?”

“मुद्दामच केलं.”

“म्हणजे, तिचं वाईट व्हावं म्हणून नाही.”

“भलं व्हावं म्हणून.”

“माझ्याकडे येतात तशी माणसं,” बाबा हळूच म्हणाले. “नवरा शेजारी बसतो आणि बायकोच्या हातातलं स्टिअरिंग ओढतो. भल्यासाठीच ओढतो. गाडी चढते पदपथावर, आणि वर तिलाच म्हणतो, तुला जमत नाही.” मग त्यांनी भाषणाच्या कागदाची घडी घातली, एकदा, दोनदा, तीनदा. माझ्याकडे बघितलं नाही. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

आईने हात धुतले. तिला एव्हाना पुढचं सगळं दिसायला लागलं होतं. “हे बघ, मी गणिताच्या सरांना चिठ्ठी लिहिते. सावकाश, समजावून. की घाईत ऐकण्यात चूक झाली असावी. खोटं नाही त्यात फार. नाहीतर प्रमाणपत्र काढून घेतील, दाखल्यावर शेरा येईल, नववीला ही कुठे जाईल? सोमवारी देऊ चिठ्ठी. तेवढ्यात जरा विचार करू.”

“सह्या उद्या आहेत, आई.”

“मग उद्या सकाळी लवकर जाऊन देऊ. आपण दोघी जाऊ सरांकडे.”

“ऐकण्यात चूक नव्हती. मी नीट ऐकलं होतं. दोनदा.”

“अगं, पण त्यांना ते सांगायलाच हवं का?”

मी चप्पल घालायला दाराकडे वळले. मला फार भीती वाटत होती. पण दिवसभर मी एकच गोष्ट डोळ्यांसमोरून घालवू शकले नव्हते, तिची ती हवेत मधेच थांबलेली बोटं. सर काय म्हणतील, शाळा काय करेल, याचा मी खूप विचार केला होता. तिला काय वाटतंय याचा विचार करायला मला तीन दिवस लागले.

“आई, बाबा, ऐका,” मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, पण निघाला. “मी आत्ता रेडिओताईच्या घरी चाललेय. एकटी. तुम्ही येऊ नका आणि फोनही करू नका. आधी तिला सांगणार, तिच्या आई-बाबांसमोर, की तिचं उत्तर बरोबर होतं आणि मी ते बदललं, मग खोटं वाचलं, मग परत खोटं बोलले. ती मला घराबाहेर काढेल, काढू दे. उद्या दहाच्या आत मी गणिताच्या सरांकडे जाणार, आणि ती आली तर तिच्याबरोबर जाणार. चिठ्ठी नको. प्रमाणपत्राचं, दाखल्याचं जे व्हायचं ते होऊ दे. आजच्या आज तिला कळायला हवं की तिच्या डोक्यात आणि तोंडात काही बिघडलेलं नाही. दार लावून घ्या, मी निघाले.”